ही फ्लॉपी कोरी नाही

रंगराव गेले, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि लेकीपुढे धरले.

“भाग्यश्री, तुझ्या ऑफिसात हिला वाचणारं यंत्र आहे का गं?”

“बाबा, फ्लॉपी आता भंगारवालासुद्धा घेत नाही.”

“मग तू घे.”

ती हसली आणि मला पर्समध्ये टाकून कामाला गेली.

मित्रांनो, मी ती जुनी फ्लॉपी. संगणकावर ‘सेव्ह’चे चौकोनी चित्र असते ना, ते माझेच. १९९८ साली भाग्यश्रीने घरी संगणक आणला. कसबा पेठेत जन्मभर तांब्याची भांडी घडवलेले रंगराव त्याच्यासमोर बसले आणि एका बोटाने आपल्या धंद्यातले शब्द लिहू लागले. हातोड्यांची नावे, ठोक्यांची नावे. ते सारे पोटात घेऊन मी किती मिरवले!

“पण हे वाचणार कोण?” भाग्यश्रीने तेव्हा विचारले होते. रंगरावांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘ही फ्लॉपी कोरी नाही. खात्री केल्याशिवाय पुसू नये.’ त्या चिठ्ठीने मला दोनदा वाचवले. पुढे मला वाचणारी यंत्रेच गेली आणि मी बटणांच्या डब्यात पडून राहिले.

तेरावा झाल्यावर भाग्यश्रीने कुठूनसे जुने यंत्र मिळवले. मी कुरकुरले, पण उघडले. पडद्यावर मात्र नुसती वेडीवाकडी चिन्हे! तेव्हा मराठीचा टाइप, म्हणजे फॉन्ट, ज्याचा त्याचा वेगळा असे. रंगरावांचा टाइप नव्या संगणकात नव्हता. ती डोके धरून बसली. मग तिने मला यंत्रातून काढून उलटे केले. पाठीवरही चिठ्ठी होती: ‘अक्षरे न कळल्यास टाइप आतच ठेवला आहे. आधी तो बसवावा, मग शंका काढाव्यात.’

रडता रडता तिला हसू फुटले. टाइप बसला आणि शब्द उमटले: ‘मठारणे: भांडे ठोकून घट्ट करणे. एक ठोका चुकला तरी लपत नाही.’

आता माझ्यातल्या शब्दांच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत, आजच्या अक्षरांत. मी समाधानी आहे. मित्रांनो, एवढेच सांगते: ठेवलेले अधूनमधून उघडत जा. डब्यात घातले म्हणजे जपले, असे नसते.

टाइप बसला त्या दिवशी भाग्यश्रीने शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचले. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणाली, “मी वाचणार, बाबा. तेव्हाच म्हणायला हवं होतं.”