वॉटी गेडिस गप्प बसतो

"म्हणजे अजिबात बोलायचं नाही?" वॉटी गेडिसने विचारलं.

"अजिबात नाही," मिस पीअर्ट म्हणाली. "पाहुण्यांचं मौन शनिवारच्या जेवणाची घंटा होईपर्यंत आहे. त्यांच्यासमोर तुमचंही."

"मग किल्ला दाखवायचा कसा?"

"दाखवायचाच. सांगायचा नाही."

चहाच्या टेबलामागे बशा पुसत उभी असलेली एल्स्पेथ, म्हणजे वॉटीची बायको, फडकं तोंडाशी धरून हसली. "मिस पीअर्ट, लग्न झाल्यापासून मी देवाकडे हेच मागत होते. तुमची ओळख जरा आधी व्हायला हवी होती."

डनफॅरकच्या किल्ल्याची पूर्वेकडची बाजू मालकीणबाईंनी त्या वसंतात या मौन-शिबिरवाल्यांना भाड्याने दिली होती. छप्पर गळत होतं आणि बोलणारी गिऱ्हाइकं त्याबद्दल बोलत होती. मौनवाल्यांची तशी तक्रार नसते. खोल्यांबरोबर त्यांच्या पदरात वॉटीही पडला. सकाळी पाहुण्यांना किल्ल्यातून फिरवायचं आणि दुपारी नदीवर त्यांचा गिली म्हणून उभं राहायचं: गळ कुठे टाकावा, कसा टाकावा, आणि टाकल्यावर काय करू नये, हे सांगायला. दोन्ही कामं तो आजवर तोंडानेच करत आला होता.

मिस पीअर्ट ही मौन-शिबिराची व्यवस्थापक. बाई नीटनेटकी, आवाज मऊ, आणि अटी मात्र जहाजाच्या नांगरासारख्या. वॉटी एक शब्द जरी बोलला तरी किल्ल्यातली फेरी त्याच्याकडून जाणार आणि भिंतीवर माहितीच्या पाट्या लागणार.

पगाराची वॉटीला काळजी नव्हती. नदी होतीच. त्याला धास्ती होती पाट्यांची. पाटीवर लिहायचं म्हणजे आधी कोणीतरी ते खरं आहे का, हे तपासणार. आणि डनफॅरकच्या इतिहासातले बरेचसे प्रसंग वॉटीपेक्षा वयाने लहान होते.

गावात पैजा लागल्या. खाटीक म्हणाला, पहिल्या जेवणापर्यंत टिकला तर नशीब. पाद्रीबाबांनी गुरुवारची संध्याकाळ दिली. आशावाद हा त्यांचा धंदाच. एल्स्पेथने पैज लावायला नकार दिला. "मला आतली माहिती आहे. बरं दिसत नाही ते."

बुधवारी आठ पाहुणे लोकरी मोजे घालून दिवाणखान्यात जमले. मागे मिस पीअर्ट. वॉटीने टोपी काढली, घसा खाकरला, आणि खाकरलेला घसा तसाच वाया गेला.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे गोल जिना. तिथली वॉटीची गोष्ट अशी, की शत्रूने किल्ला घेतला तेव्हा किल्ल्याचे तिसरे जहागीरदार पोटाला उशी बांधून, दिवस भरलेली स्वयंपाकीण बनून निसटायला निघाले. जिन्यावर शत्रूचा सेनापती भेटला. माणूस सभ्य. त्याने बाईला हात दिला, सांभाळून खाली आणलं आणि शिवाय सुईणही बोलावली. पुढे काय झालं ते वॉटी पाहुण्यांचं वय बघून सांगायचा. यातला जिना खरा आहे.

आता हे सगळं हातवाऱ्यांनी. वॉटीने पोट काढलं, कमरेवर हात ठेवला, पायऱ्या उतरला, मग सेनापती होऊन स्वतःलाच हात दिला, आणि शेवटी सुईण झाला. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या बाजूला एक लालबुंद, रुंद गृहस्थ भिंतीला टेकून गदागदा हलत होता. हसू दाबताना त्याच्या वेस्टकोटाचं एक बटण तुटलं आणि पायऱ्यांवरून टणटण करत खाली गेलं. किल्ल्यातला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आवाज तो.

हे मिस्टर एकर्स. लीड्सचे निवृत्त लिलाववाले. आयुष्यभर ते हातोडा घेऊन बोलले होते, आणि निवृत्त झाल्यावर हातोडा तेवढा सुटला. मुलीने ही सहल वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती. भेट नक्की कोणाला होती, हे गाडीतून बॅग उतरवताना तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, असं एल्स्पेथ म्हणाली.

त्या रात्रीपासून गेडिसांच्या घरात मात्र पूर आला. वॉटी दारातूनच सुरू व्हायचा.

"दिवसभर तिथे साठवतोस आणि इथे येऊन ओततोस," एल्स्पेथ म्हणाली. "मिस पीअर्टला सांगून माझंही नाव पाहुण्यांत घालते."

"अगं, त्या बाईला वाटलं जिन्यावर खरंच बाळंतपण झालं."

"मग? तुझ्या गोष्टीपेक्षा जास्त पटण्यासारखं आहे ते."

नदीवर वेगळीच पंचाईत झाली. सॅमन मासा गळाला बांधलेली खोटी माशी तोंडात घेतो तेव्हा गळाची काठी लगेच वर उचलायची नसते. त्याला वळून खाली जाऊ द्यायचं असतं, नाहीतर माशी तोंडातून निसटून बाहेर येते. तेवढा वेळ जावा म्हणून फॅरक नदीवरचे गिली पाहुण्याकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेतात. बहुतेक जण राजाला दीर्घायुष्य चिंततात. वॉटीचं राजाशी जमत नसे, म्हणून त्याने आपलं वाक्य ठेवलं होतं: 'एल्स्पेथ, मी आलो गं, पाय पुसलेत.' हे सावकाश म्हणून झालं की काठी उचलायची. या एका वाक्यावर किती मासे बाहेर आले याला गणती नाही, आणि घरात चिखल किती आला यालाही.

मौनाच्या पाहुण्यांना हे वाक्य एल्स्पेथने चहाच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं होतं. मनातल्या मनात म्हणा, असं. बाकीच्यांचा प्रश्नच आला नाही, त्यांना मासाच लागला नाही. एकर्सना गुरुवारी लागला आणि गेला. शुक्रवारी दुसरा लागला, तोही गेला. जन्मभर लिलाव केलेला माणूस. तोंडाने तो एका दमात तीन कपाटं विकायचा, मग मनात काय वेग असणार. एल्स्पेथचं नाव संपायच्या आत काठी वर.

दुसरा मासा गेल्यावर एकर्स काठावर बसले आणि त्यांनी वॉटीकडे अशा नजरेने बघितलं, की वॉटीने तोंड उघडलं. समोर मिस पीअर्ट वही मांडीवर घेऊन बसली होती. वॉटीने उघडलेल्या तोंडात पाव घातला.

आता उरली शनिवारची सकाळ; त्या दिवशी फेरी नव्हती, आणि दुपारपासून नदी दुसऱ्या गिऱ्हाइकांना दिलेली होती. रविवारी सॅमन धरायला कायद्यानेच बंदी, आणि सोमवारी एकर्सना मुलगी न्यायला येणार होती.

शनिवारी वॉटी पाहुण्यामागे उभा राहिला नाही. तो कंबरभर पाण्यात शिरून एकर्सच्या समोर, जरा बाजूला उभा राहिला, आणि बोटाने आपल्या ओठांकडे दाखवलं. नदीकडे बघू नका, इकडे बघा. एकर्सनी गळ टाकला. माशी प्रवाहावर तिरकी सरकत गेली. पुन्हा टाकला. बऱ्याच वेळाने पाणी आतून फुगल्यासारखं झालं आणि दोर ताणला गेला.

वॉटीचे ओठ हलू लागले. आवाज नाही. घराच्या दारात उभा असल्यासारखा, अगदी सावकाश. एल्स्पेथ. मी आलो गं. एकर्सचा चेहरा जांभळा झाला होता, पण डोळे वॉटीच्या ओठांवर. पाय. पुसलेत. काठी वर गेली आणि कमानीसारखी वाकली.

मासा लागला होता. तो खालच्या दगडांच्या दिशेने असा सुटला की काठीवरची दोराची चक्री किंचाळली. एकर्सनी घाबरून दोर हाताने आवळला.

"आवळू नका!" काठावरून आवाज आला. "सोडा, सोडा त्याला! पळू द्या, मूर्ख माणसा!"

मिस पीअर्ट गुडघाभर पाण्यात उभी होती. बूट, मोजे, सगळ्यांसकट. वही नदीतून निघून गेली होती. पुढे कळलं, तिचे वडील ट्वीड नदीवर गिली होते.

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकर्सनी दोर सोडला. वॉटीने वळून तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मासा हातजाळ्यात यायला बराच वेळ लागला. वसंतातला सॅमन परत सोडायचा असतो; एकर्सनी त्याला पाण्यातच दोन्ही हातांत धरलं, वॉटीने माशी सोडवली, आणि मासा शेपटीचा एक फटकारा देऊन गेला. तिघांपैकी कोणीच काही बोललं नाही. त्या वेळी नियम कोणाच्या लक्षात होता असं वाटत नाही.

जेवणाची घंटा झाली. वॉटी जिंकला होता. खाटीक आणि पाद्रीबाबा दोघंही हरले.

मिस पीअर्टने कोरडे मोजे घालून भाषण केलं. पाहुण्यांनी एकमताने सांगितलं होतं की किल्ल्यातली फेरी हा या दिवसांचा कळस होता. जिन्यावरची ती माता तर कोणी विसरणार नाही. एकाच्या मते ती माता नसून अस्वल होतं, पण तोही विसरणार नव्हता. तेव्हा पाट्या लागणार नाहीत. मिस्टर गेडिसच किल्ला दाखवतील. मालकीणबाईंशी बोलणं झालं आहे. या हंगामात, आणि पुढेही, असंच.

"असंच म्हणजे?" वॉटीने विचारलं. त्याचा बुधवारपासूनचा किल्ल्यातला पहिला शब्द.

"असंच," मिस पीअर्ट म्हणाली. "मौनात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉटीने वाकून अभिवादन केलं. एल्स्पेथने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या बशीत न मागता दुसरा स्कोन-पाव ठेवला. ती एवढंच म्हणाली, "घरी लवकर ये. मी ऐकीन."

"खरंच?"

"शपथ नाही घेत. पण ऐकीन."

जेवण उरकत आलं तेव्हा एकर्स वॉटीच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर गोल जिन्यापाशी घेऊन गेले. "गेडिस," ते म्हणाले, "चार दिवस झोप नाही मला. त्या जिन्यावर नक्की काय झालं?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला काही वाटून घ्यायचं नाही. मला सांगा."

इतक्या वर्षांत वॉटी जिन्यावर कधी बसला नव्हता. वाटाड्याने बसायचं नसतं. तो चौथ्या पायरीवर बसला. एकर्स त्याच्या खालच्या पायरीवर, गुडघे पोटाशी घेऊन. वॉटीने टोपी काढून शेजारी ठेवली आणि घसा खाकरला.

"त्या साली थंडी फार होती," त्याने सुरुवात केली. गोष्टीतली ही थंडी आम्ही गावकऱ्यांनी आधी कधी ऐकली नव्हती.

जिन्याच्या दाराच्या पलीकडे मिस पीअर्ट मसुराच्या सुपाचा वाडगा घेऊन उभी होती. वॉटीने सूप घेतलंच नव्हतं म्हणून ती आली होती. सूप थंड होत गेलं. ती आत गेली नाही, परतही फिरली नाही.