खुनी ओळखा

"पुतण्या खून करेलच कसा? गेल्या अंकात त्याचा हात प्लास्टरमध्ये घातलाय आपण," मुद्रितशोधक चित्रकाराच्या टेबलाशी येऊन पुटपुटला. शेवटच्या प्रकरणाबद्दल आपसांत अवाक्षर काढायचं नाही, हा कचेरीचा नियम त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोडला होता.

चित्रकाराने ब्रश पाण्यात बुडवला. "पुतण्या? माझ्या कागदात तर डॉक्टर आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापले कागद पालथे घातले.

मासिक मालकांच्या वडिलांनी काढलेलं. आधी त्यात नुसती शब्दकोडी असायची. त्यांचे वाचक रोडावले तेव्हा मालकांनी क्रमशः रहस्यकथा आणली, आणि सोबत 'खुनी ओळखा' स्पर्धा. स्पर्धेने मासिक तरलं. पण हल्ली बक्षिसं एकाच गल्लीत जाऊ लागली होती. म्हणजे कुणीतरी आतलंच फितूर होतं. मुद्रितशोधकाला चित्रकाराचा संशय. तो नवे बूट घालून आला तरी याच्या मनात पाल चुकचुकायची. "सगळ्यांवर लक्ष ठेवा मालक. प्रत्येकाला वेगळा शेवट द्या, चोर आपोआप सापडेल," हा सल्लाही यानेच दिला होता, तोही दार लावून घेऊन.

आता तो आपला कागद घेऊन मालकांच्या खोलीत गेला.

"मलाही खोटाच शेवट दिलात?"

मालक पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांवर."

"म्हणालो खरा." त्या सगळ्यांत आपणही येतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला फार लागलं.

चोर लवकरच सापडला. त्या गल्लीतून आलेल्या उत्तरांत खुनी ना पुतण्या होता, ना डॉक्टर. तो होता माळी. आणि माळ्याचा खरा शेवट फक्त मालकांच्या घरच्या कपाटात होता. कपाटापर्यंत हात पोचत होता तो त्यांच्या मेहुण्याचा. मालकांनी घाईघाईने शेवट बदलला आणि नवे कागद घेऊन स्वतः मुद्रितशोधकाच्या टेबलाशी आले.

"झालं गेलं विसरा. एवढं तपासून द्या."

"हे तुम्हीच तपासा. बाकीचा अंक मी देतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही.

अंक निघाला, त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे तो घरी घेऊन आला. बायकोने नेहमीप्रमाणे विचारलं, "खुनी कोण हो?"

"मला माहीत नाही."

"दर महिन्याला हेच. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्यावर काही विश्वास बसला नाही तुमचा."

त्याने दिवा तिच्या बाजूला सरकवला आणि शेजारी बसला. "मोठ्याने वाच. मीही ऐकतो."

ती वाचू लागली. दुसऱ्याच परिच्छेदात एक चूक निघाली. त्याचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, आणि तसाच मांडीवर परत आला.