झाकण लावून ठेवलेला ट्रेलर

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. माझ्यात पाच किलो पीठ मावतं आणि नऊ मोबाइल फोन तर आरामात. पहिलं माप भांडेवाल्याने सांगितलं होतं, दुसरं आम्ही स्वतः शोधून काढलं. मित्रांनो, पीठ सांभाळणारे डबे घरोघरी असतात. फोन सांभाळून नावारूपाला आलेला डबा मात्र माझ्या माहितीत मी एकटाच, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

माझा जन्म एका सपाट पत्र्यातून झाला. जड यंत्राने तो साच्यात दाबला, कडा वळवल्या, फिरत्या चाकावर मला चकचकीत केलं. माझ्या पोलादात क्रोमियम आहे. हवा लागली की माझ्या अंगावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तो मला गंजू देत नाही. पुण्यातल्या भांड्यांच्या दुकानात संध्यामावशींनी मला पसंत केलं आणि भाचीच्या लग्नात देण्यासाठी माझ्यावर नाव घालून घेतलं: ‘चि. सौ. कां. मालिनीस, संध्यामावशीकडून’. ती अक्षरं अजून वाचता येतात.

पुढे मालिनीच्या नवऱ्याला, जयप्रकाशला, आइंडहोव्हनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली. मी विमानाने नेदरलँड्सला आलो. पोटात भाजणी, भाजणीत खुपसलेली मेतकुटाची पुडी, वरून चिकटपट्टीचे चार वेढे. मालिनी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आली, डच शिकली आणि आता शहराच्या ग्रंथालयात काम करते. माझ्यात त्या काळात कधी चिवडा असायचा, कधी चकली. माझं आयुष्य चारचौघा डब्यांसारखं चाललं होतं. ते बदललं त्यांच्या मुलीमुळे, इरावतीमुळे.

बाप-लेकीला ‘टेथिस’ नावाच्या विज्ञानपटांच्या मालिकेचं वेड होतं. शनीला टेथिस नावाचा चंद्र आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या स्थानकावरच्या माणसांची ही गोष्ट. तिची एक खासियत अशी, की यानाच्या बाहेरचं दृश्य आलं की आवाज पूर्ण बंद होतो. अवकाशात हवा नाही, म्हणून आवाज नाही, असं जयप्रकाशने सांगितलं तेव्हा इरावती जेमतेम सात वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी तिने ते सगळ्या वर्गाला ऐकवलं.

त्याच वर्षी एक गोष्ट घडली. नव्या भागाचा ट्रेलर आला, जयप्रकाशने तो कारखान्यातच पाहिला आणि रात्री जेवताना उत्साहाच्या भरात सगळा सांगून टाकला. इरावती रडली नाही. ती पानावरून उठली, स्वयंपाकघरात येऊन माझ्यातली चकली परातीत ओतली, फ्रॉकने मला आतून पुसलं आणि मला बापासमोर धरून उभी राहिली. तिची भाषा अर्धी डच, अर्धी मराठी. पण जे म्हणाली ते त्याला नीट समजलं. पुढच्या वेळी फोन यात, आणि दोघं असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

तो आमचा नियम झाला. ट्रेलर येणार त्या दिवशी दोघांचे फोन माझ्या पोटात जायचे आणि दोघं सोफ्यावर बसले की मोठ्या पडद्यावर ट्रेलर लागायचा. हळूहळू आणखी लोक येऊ लागले. जयप्रकाशबरोबर काम करणारा अंबरीश पहिल्यांदा आला तेव्हा त्याने ठासून सांगितलं, की धातूच्या बंद डब्यात फोनला सिग्नल मिळतच नाही. इरावतीने लगेच आईच्या फोनवरून त्याला फोन लावला. मी खणखणीत वाजलो. झाकण आणि डबा यांच्यात बारीक फट राहते आणि लहरींना तेवढी पुरते, हे अंबरीशला मग आठवलं. त्या दिवशी मलाही माझं खरं काम कळलं. मी लहरी अडवत नव्हतो, मी हात अडवत होतो.

आइंडहोव्हनच्या मराठी मंडळात मला ‘ट्रेलरचा डबा’ म्हणून ओळखू लागले. गणपतीत मोदक घेऊन गेलो तरी कोणीतरी विचारायचंच, आज कुठला ट्रेलर?

मग मालिका थांबली. शेवटच्या भागात कॅप्टन ओराचं यान शनीच्या सावलीत शिरलं आणि दिसेनासं झालं. पुढचा भाग येईना. इरावती भौतिकशास्त्र शिकायला युट्रेख्टला गेली आणि तिथे सात-आठ जणांच्या घरात एक खोली घेऊन राहू लागली. मी कपाटावर गेलो. सायकलची जुनी ट्यूब आणि दुकानांच्या दुमडलेल्या पिशव्या माझ्यात ठेवल्या गेल्या. फोडणीचा धूर वर चढतो आणि झाकणावर चिकट थर धरतो. मित्रांनो, तो पुसायचा राहतो तेव्हा समजावं, की आपलं काम कोणाला आठवत नाही.

या जूनमध्ये ते आठवलं. ‘टेथिस’चा नवा ट्रेलर शनिवारी दुपारी येणार, अशी घोषणा झाली. शुक्रवारी जयप्रकाशने मला खाली उतरवलं आणि दोन वेळा साबणाने धुतलं. मालिनीने विचारलं, इराला विचारलंस का, येते आहे का ती? त्याने नकारार्थी मान हलवली. विचारलं तर ती केवळ बापाखातर येईल, म्हणाला. नियम तिचा आहे, तिला आठवत असेल तर ती आपणहून येईल. आणि आठवत नसेल, तर ते विचारून जाणून घेण्याची त्याला भीती वाटत होती. हे मात्र तो बोलला नाही. मला पुसताना त्याचा हात थांबत होता, त्यावरून मी ओळखलं.

शनिवारी दुपारी त्याने फोन माझ्यात ठेवला, झाकण दाबलं आणि खिडकीजवळ बसला. थोड्याच वेळात जगभरच्या लोकांनी ट्रेलर पाहिला असणार, कारण माझ्या पोटात गुरगुर सुरू झाली. संदेशावर संदेश. कोणी आनंदाने ओरडत असेल, कोणी भांडत असेल, कोणी एकेक दृश्य थांबवून त्यात खुणा शोधत असेल. ते सगळं माझ्या पत्र्यातून थरथरत टेबलावर उतरत होतं. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडे तो पाहत होता.

अंबरीश चहाला आला. त्याने ट्रेलर पाहिला होता आणि त्याला राहवत नव्हतं. “एवढंच सांगतो,” तो म्हणाला, “शेवट बघून मी खुर्चीतून उठलो.”

“उठलास ते कळलं,” मालिनी म्हणाली. “आता बस आणि चहा पी.”

अंबरीश म्हणाला, की इराने कधीच पाहिला असेल, या वयाची मुलं थांबतात होय? अंबरीश गेल्यावर मालिनीने आपल्या फोनवरून मुलीला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच.

“मित्रमैत्रिणींबरोबर बघत असेल,” जयप्रकाश म्हणाला. “जाऊ दे. मोठी झाली.”

मालिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सुतक पाळल्यासारखा दुपारपासून बसला आहेस. मुलगी कोणाची आहे ती? तीही तिकडे अशीच डब्यात फोन घालून बसली असेल. तुम्ही दोघं एकमेकांची वाट बघा, आणि मी दोघांची.”

“आणि तिने बघितला असेल तर?”

“तर तू बघताना ती तुझ्याकडे बघेल. ऊठ.”

त्याने मला कापडी पिशवीत घातलं. मालिनीने वर शंकरपाळ्यांची पुडी ठेवली.

युट्रेख्टच्या गाडीत आमच्या समोर दोन मुलं बसली होती. त्यांनी फोन बाहेर काढला आणि ‘टेथिस’चं सुरुवातीचं संगीत सुरू झालं. जयप्रकाश असा उठला, की शेजारच्याला वाटलं गाडीला आग लागली. आम्ही शांततेच्या डब्यात गेलो. डच गाड्यांमध्ये अशी जागा राखलेली असते, तिथे बोलायचं नाही, फोन वाजवायचा नाही. त्याने मला खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर ठेवलं आणि नेमक्या त्याच क्षणी माझी गुरगुर वाढली. कडक टेबलावर पत्रा ठेवला की थरथर दुप्पट ऐकू येते. समोरच्या वयस्कर बाईंनी काचेवर लिहिलेल्या शांततेच्या सूचनेकडे बोट दाखवलं.

जयप्रकाशने कुजबुजत, मोडक्या डचमध्ये सगळं सांगितलं: आत फोन आहे, झाकण मुलीसमोरच उघडायचं आहे, मुलगी युट्रेख्टला आहे. बाईंनी विचार केला. मग आपला लोकरी स्वेटर काढला, त्याची घडी घातली आणि माझ्या खाली ठेवली. माझा आवाज विरला. युट्रेख्टला उतरताना त्यांनी स्वेटर परत घेतला आणि माझ्या झाकणावर हलकीशी थाप मारली. एवढा मान मला लग्नाच्या आहेरातही मिळाला नव्हता.

फोन पोटात, त्यामुळे नकाशा नाही. जयप्रकाश कालव्याच्या वळणांवरून अंदाजाने चालत होता. सायकलींच्या वाटेत शिरला म्हणून दोनदा घंटी आणि एकदा शिवी खाल्ली. शेवटी हिरवं दार सापडलं. घंटी दाबण्यापूर्वी तो थांबला. मला त्याने छातीशी धरलं होतं, आणि त्याची धडधड फोनच्या थरथरीपेक्षा स्पष्ट लागत होती.

दार इरावतीनेच उघडलं. तिने आधी मला पाहिलं, मग बापाला.

“बाबा, तू बघितलास?”

त्याने फक्त मला वर उचललं. मी गुरगुरलो.

तिने त्याला हाताला धरून आत ओढलं. स्वयंपाकघरातल्या लांब टेबलावर बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा होता. आत पाच-सहा फोन, आणि तोही माझ्यासारखाच थरथरत होता. भोवती तिच्या घरातली उंच उंच मुलंमुली कंटाळून बसली होती. त्यातल्या एकाने डचमध्ये विचारलं, हेच का ते वडील? आता तरी बघता येईल? इरावतीने दुपारपासून साऱ्यांना अडकवून ठेवलं होतं. नियम नियम आहे, असं त्यांना बजावलं होतं. मित्रांनो, पत्र्याला ऊर नसतो, पण त्या वेळी माझा भरून आला. माझं काम मला एकट्याला करावं लागेल असे दिवस संपले होते.

“मग ये म्हणून फोन का नाही केलास?” जयप्रकाशने विचारलं.

“नेहमी तूच हाक मारायचास,” ती म्हणाली. “वाटलं, तुझ्या ऑफिसात सगळ्यांनी बघितला असेल. तू पण. मग विचारून काय करू?”

तो हसला. ती हसली नाही. तिने एक खुर्ची ओढली, त्याला बसवलं आणि स्वतः खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी सोफ्याच्या हातावर बसायची तशी.

ट्रेलर लॅपटॉपवर लागला. नवी माणसं, नवं स्थानक, शनीची कडी. बाहेरचं दृश्य आलं की आवाज बंद, अगदी पूर्वीसारखा. शेवटी पडदा काळा झाला. मग पुन्हा यानाचा आतला भाग दिसला आणि भिंतीवर बाहेरून तीन ठोके पडले. आतली माणसं वळून पाहतात, आणि ट्रेलर संपतो.

जयप्रकाशच्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट झाला होता. “ओरा,” ती पुटपुटली. “ती जिवंत आहे.” तो म्हणाला, “किंवा दुसरं कोणीतरी.” मग एकदम सगळे बोलायला लागले.

मघाशी बोललेल्या त्या उंच मुलाने आक्षेप घेतला. अवकाशात आवाज नाही, मग ठोके कसे ऐकू येतील? पहिल्यांदाच चूक केली यांनी. इरावती उठली. तिने माझ्यातला फोन काढून बाजूला ठेवला, झाकण लावलं आणि मला त्याच्या कानाशी टेकवलं. मग माझ्या दुसऱ्या बाजूला नखाने इतकं हळू टकटक केलं, की खोलीत कोणाला ऐकू आलं नाही. त्या मुलाचे डोळे मात्र मोठे झाले. धातूतून आवाज चांगला जातो, तिने त्यांना सांगितलं. बाहेर हवा नसली तरी चालेल, यानाला हात लागला पाहिजे. मग प्रत्येकाला कान लावून बघायचं होतं. मी हातोहात टेबलभर फिरलो. जयप्रकाश लेकीकडे पाहत होता. तिने जे सांगितलं ते त्याने तिला कधीच शिकवलं नव्हतं.

परत जाताना त्याने मला तिथेच ठेवलं. मालिनी इरावतीला फोनवर म्हणाली, मग भाजणी कशात ठेवू? पण पुढच्या आठवड्यात तिने भाजणी प्लॅस्टिकच्या बरणीत भरली आणि कुरकुर केली नाही, असं इरावतीकडून कळलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या डब्यांना जपायला फार लागत नाही. धुतल्यावर कोरडं पुसा, झाकण आपटू नका, कपाटावर टाकलंत तर अधूनमधून खाली घ्या. याहून थोडी जास्त काळजी माणसांची घ्या. एखादी गोष्ट कोणाबरोबर पहिल्यांदा बघायची असेल, तर त्याला तसं आधी सांगा. त्याला आठवतं का, हे परीक्षा घेऊन पाहू नका. आठवत असतं. तोही विचारायला घाबरत असतो.

सध्या माझ्या पोटात शंकरपाळे आहेत. चित्रपट डिसेंबरात येतो आहे आणि तेव्हा मला रिकामं व्हावं लागेल. या घरातल्या मुलांची भूक पाहता, त्याची चिंता मला वाटत नाही.