पायातली दोरी

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. नारीन शहराजवळच्या एका डोंगराळ गावात, कुबातच्या गोठ्यात, चाऱ्याच्या पेंढ्यांमागे पडून आहे. मला कुठल्या कारखान्यात जोडलं ते आठवत नाही. आठवते ती कुबातची बायको गुलझात. तिनं मला भरतकामाच्या रुमालाखाली जपलं. संध्याकाळी ती मला थोडा वेळ लावायची, मुलीजवळ बसायची आणि पडद्यावर मारामारी सुरू झाली की बंद करायची.

ती वारली तेव्हा धाकटा तेमिर तान्हा होता आणि बेगिमाई सहा वर्षांची. मुलगी आईबद्दल विचारू लागली की कुबात मला लावून द्यायचा आणि ट्रक दुरुस्तीला निघून जायचा. मी दिवसभर चालू असायचो. शेजारणी म्हणायच्या, "किती गुणी पोर, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही." ते कौतुक मला माझंच वाटायचं.

माझ्यात एक मुखवटेवाला वीर रोज तलवारीनं शत्रू कापायचा. रक्त कधी दिसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तेच शत्रू पुन्हा धडधाकट उभे असायचे.

तेमिर पावलं टाकू लागला. आमच्याकडे अशा बाळाच्या पायांत काळी-पांढरी दोरी बांधतात. मुलं शर्यत लावतात आणि पहिलं येणारं मूल सुरीनं ती दोरी कापतं. बाळाची वाट मोकळी व्हावी म्हणून. अंगणातली ती शर्यत मी खिडकीतून पाहिली. बेगिमाई जिंकली.

कुबातची बहीण सायरा म्हणाली, "सुरी तू धर तिच्याबरोबर. हल्ली या पोरीचा हात फार चालतो. काल माझ्या मांजराला काठीनं झोडलं तिनं."

"तुझं मांजर अख्ख्या गावाच्या दह्यात तोंड घालतं, ताई," कुबात हसला. "जिंकेल त्यानंच कापायचं. मी हात लावला तर तिचं जिंकणं कसलं?"

बेगिमाईनं सुरी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली, माझ्या वीरासारखी, आणि खाली आणली. दोरी तुटली. तेमिरच्या घोट्यामागची शीरही तुटली.

सगळे ओरडत धावले. ती शांत उभी होती. "रडू नका बाबा," ती म्हणाली, "उद्या उठेल तो."

पुढे रोज सकाळी ती त्याचा पाय बघायची. एकदा तिनं विचारलं, "आत्या, हा उठत का नाही?"

सायरानं तिला जवळ ओढलं.

"म्हणजे आईपण नाही उठणार," बेगिमाई म्हणाली.

त्याच दिवशी कुबातनं मला गोठ्यात आणून टाकलं.

मित्रांनो, कापलं की दुखतं, हे मला सांगता येत नाही. ते सांगायला जवळ कुणी माणूस लागतं. तुमच्या घरी लहान भावंड टीव्हीसमोर एकटं बसलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. मोठ्यांनाही हात धरून आणा.

तेमिर आता अंगणात पाय ओढत चालतो. बेगिमाई त्याच्यामागे असते, तो पडेल म्हणून दोन्ही हात पुढे धरून.