तोंडपाठ झालेला तक्ता

मी चष्म्याच्या दुकानातला अक्षरांचा तक्ता. वर ताटलीएवढं एक अक्षर, मग उतरत उतरत तळाशी मुंगीएवढी ओळ. छापखान्यातून गुंडाळी होऊन आलो, भिंतीवर चढलो आणि गेली अकरा वर्षं लोकांना डोळे बारीक करायला लावतोय. दिसलं नाही की माणसं मलाच बोल लावतात. "छपाई पुसट झालीय हो!"

दुकान बारकीच्या काकांचं. बारकी सहा वर्षांची. शाळा सुटली की आई येईपर्यंत ती माझ्यासमोर बसायची. गिऱ्हाईक वाचायचं, ही ओठ हलवायची. मला गंमत वाटायची.

त्या दिवशी आई दारातूनच म्हणाली, "भावजी, ही चालताना डाव्या अंगाने चौकटीवर आपटते. पुस्तक वाकड्या मानेने बघते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवते."

"घरचं दुकान असताना डॉक्टर? लोक हसतील मला, वहिनी." काकांनी बारकीच्या उजव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. "वाच गं."

ती घडाघडा सुटली. मुंगीएवढ्या ओळीसकट.

"बघा! पोरीची नजर घारीची आहे."

मी मात्र गारठलो. तिचा डावा डोळा माझ्यावर नव्हताच. तो शेजारच्या कोऱ्या भिंतीवर होता. मला ते कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. आता हे हसत घरी जातील. एक वर्ष जाईल, दोन जातील, आणि तो डोळा माझ्या भरवशावर विझून जाईल.

आई हसली नाही. ती शाळेत शिकवायची. "भावजी, ही डुलत होती. पाढे म्हणताना डुलते ना, तशी. वाचताना कोण डुलतं?" मग ती खाली बसली. "बारके, आता शेवटून सुरू कर."

बारकी हळूच म्हणाली, "आई, शेवट कुठंय?"

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सगळं वाचलं की काका खूश होतात."

काकांनी पुठ्ठा खाली ठेवला. "वहिनी, मी गिऱ्हाइकांना पाठवतो ते मोठे डॉक्टर आहेत, आत्ता फोन करतो."

"ते म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू काढतात. मला रोज मुलांचेच डोळे बघणारं माणूस हवंय. लांब असलं तरी चालेल."

काकांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि तेही दोघींबरोबर निघाले. मी अंधारात लटकत राहिलो.

मुलांचे डोळे बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बारकीच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावलीय, आळसावलेल्या डोळ्याला कामाला लावायला. नजर किती परत येईल, ते त्या सांगत नाहीत. वेळ अजून गेलेली नाही, एवढंच म्हणाल्या. काका हे गिऱ्हाइकांना सांगतात आणि मध्येच चष्मा पुसायला लागतात.

मी आहे तिथेच आहे. कोणी लेकराला समोर उभं केलं की अजून धास्तावतो. त्यानं सगळं वाचून दाखवलं तरी लगेच शाबासकी देऊ नका हो. मी कागद आहे, मला फसवणं सोपं आहे. तुम्ही त्याच्या डोळ्याकडे बघा.