निशाणाच्या पुढं

पैज लागली तेव्हा ज्वारी पोटरीत होती, आणि धावायचा दिवस उजाडला तेव्हा हुरडा सरत आला होता.

पैज माय-लेकीची. मनवा नगरला सावेडीत राहते, रोज पहाटे धावते. तिची आई शोभाबाई काष्टीला एकटी, सोबतीला दोन म्हशी. गोठ्यात पाय घसरून आई पडली, तशी मनवानं तिला कायमचं नगरला आणायचं ठरवलं. माझे पाय शाबूत आहेत, असं आईचं म्हणणं. मग दाखव, असं लेकीचं. माझ्यासोबत नगरची अर्धी मॅरेथॉन तीन तासांत पुरी कर, पुन्हा काष्टी सोडायचा विषय काढणार नाही. नाही जमलं तर म्हशी विकायच्या आणि मुकाट्यानं यायचं.

आई हसून सोडून देईल असं मनवाला वाटलं होतं. आईनं बूट मागितले.

मग कॅनॉलच्या कडेनं लुगडं गुडघ्याशी खोवून, पायांत पोपटी बूट घालून आई धावू लागली. कुठं आग लागली का, असं लोक विचारायचे. लेकीला हरवायला चालले, असं ती सांगायची.

शर्यतीच्या सकाळी सुरुवातीच्या गर्दीत दोघी मागं पडल्या. पण किल्ला ओलांडून छावणीच्या झाडांखाली आल्या तशी आईला लय सापडली. एकेकाला मागं टाकत ती निघाली, आणि समोर निशाण दिसलं.

ते एडविन सरांचं. सर कॉलेजात गणित शिकवत. त्यांच्या पाठीला उंच काठी, काठीवर पिवळं निशाण, त्यावर ‘सव्वातीन तास’. त्यांच्या मागं राहिलं की बरोबर तेवढ्या वेळात पोचता येतं, एवढंच त्यांचं काम. आईनं निशाण पाहिलं, पाय आवरले आणि पदर डोक्यावर घेतला.

जत्रेत देवाची काठी निघते, तिच्या पुढं कुणी जात नाही. आई जन्मात कधी गेली नव्हती.

ही देवाची काठी नाही, हे चालतंबोलतं घड्याळ आहे, हिच्या मागं राहिलीस तर पैज हरशील, असं मनवानं परोपरीनं सांगितलं. निशान ते निशान, असं आईचं उत्तर. खुद्द सरांनी वळून हात जोडले, बाई, खुशाल पुढं व्हा. त्या हात जोडण्यानं तर आईची खात्रीच पटली. ती मागून गाऊ लागली:

*निशाणाच्या मागं मागं, पाय टाकीते मोजून*
*लेक माझी उतावळी, कुनी सांगा गं समजून*

आता मनवानं काही न बोलणं पुरेसं होतं. आई आपल्या पायांनी तिच्या घरी चालली होती. मनवानं मनातल्या मनात आईची कॉट खिडकीशी लावली, उशाला तांब्या ठेवला.

पुढच्या वळणावर आईनं विचारलं, “मने, तीन तासवाले लई लांब गेले का गं?”

“लांब गेले.”

ओवी थांबली.

“म्हशी शेजारच्या छगनला दे,” आई पळता पळताच म्हणाली. “तो मारत न्हाई.”

मनवाच्या मनातली कॉट कुठल्या कुठं गेली.

“आई, काठी वेशीत यायच्या आधी वर्दी द्यायला कुणी जातं की नाही?”

“जातं की. त्याबिगर लोकांना कळंल कसं?”

“मग इथं कोण गेलंय?”

आईनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी गेल्याचं दिसेना. तिनं थेट सरांनाच गाठलं. “सर, तुमची वर्दी दिली का वो कुनी?”

सरांनी मनवाकडं एकवार पाहिलं. नडलेल्या पोराला पास करायची त्यांना जुनी सवय होती.

“नाही हो बाई,” ते म्हणाले. “कुणीच गेलेलं नाही.”

आईनं पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला, निशाणाला हात जोडले आणि सुटली. पाण्याच्या टेबलाजवळच्या पोरींना, पोलिसाला, दूधवाल्याला, जो दिसेल त्याला सांगत सुटली, काठी येती, पानी भरून ठेवा. मनवाला तिच्या पोपटी बुटांखेरीज काही दिसेना.

शेवटच्या कमानीवरच्या घड्याळात तीन तास भरायला जेमतेम दम खाण्याइतका वेळ उरला होता, तेव्हा आई आत शिरली. तिच्यामागं मनवा, तोंडाला फेस आलेली.

आई तिथून हलेना. सव्वातीन तासांच्या ठोक्याला एडविन सर आले. जत्रेत काठीवाल्याच्या पायांवर घालतात तसं तिनं बाटलीतलं पाणी त्यांच्या बुटांवर ओतलं. सरांनी मोजे भिजू दिले आणि काठी जरा वाकवली.

मग दोघी फुटपाथवर केळी खात बसल्या.

“हितं वर्दीबिर्दी लागत न्हाई,” आई म्हणाली. “येवढं कळतंय मला.”

“मग गेलीस कशाला?”

“तू धाडलंस म्हनून.”

मनवानं केळ्याची साल उगाच घडी घालून ठेवली. आईनं उठून लुगडं झटकलं.

“चल, ऊठ. काष्टीची यष्टी बघू. म्हशी वरडत असतील.”

मनवा उठायला गेली आणि परत खाली बसली. आईनं हात पुढं केला.