नऊ इंचांचा प्रवास

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका दुकानात माझा मुक्काम असतो. जुना म्हणालो म्हणून कीव करू नका हं! माझी दांडी पितळी आहे आणि आजही एका टिचकीत मी तीन गिरक्या घेतो.

कारखान्यात माझ्यावर नकाशाच्या बारा फाका चिकटवल्या, वर चकचकीत रोगण दिलं. दुकान उघडलं त्याच दिवशी मालकीणबाईंनी मला विकत आणलं. तेव्हा काय थाट होता माझा! गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे वळायचं. कुणी बोटाने समुद्र ओलांडायचं, कुणी मुलाचं गाव शोधून त्यावर बोट ठेवून नुसतं बसायचं. पुढे संगणक आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. डोक्यावर बाईंची उन्हाची टोपी आली. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

एके दिवशी समोरच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू तिकीट न्यायला आल्या. गळ्यात टेप तशीच. दूरच्या शहरात राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आले होते. तिकीट वाचून काकू खूश झाल्या.

“सकाळी दहाला सुटणार, दुपारी एकला पोचणार. तीनच तास! मला वाटलं होतं, केवढं लांब असेल.”

“अहो काकू, बारा तास लागतात. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा नऊ तास मागे आहेत.”

“ते मागेपुढे मला नका सांगू. इथे छापलंय ना! तीन तासांसाठी हातात ओझं कशाला? माझी साखरेची इंजेक्शनं, डबा, सगळं मोठ्या बॅगेत भरलंय.”

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मोठी बॅग सामानात जाते, ती उतरेपर्यंत हाती लागत नाही. मध्येच काकूंना भोवळ आली तर? बाईंनी पुन्हा समजावलं, संगणकावर दाखवलं. काकू ऐकतील तर शपथ!

शेवटी बाईंनी टोपी उचलली आणि मला खाली घेतलं.

“मागे बहिणीकडे विमानाने गेला होतात ना? किती वेळ लागला?”

“दोन तास.”

“तेवढं अंतर तुमच्याच टेपने मोजा.”

दीड इंच भरलं. मग काकूंनी लेकीच्या शहराकडे टेप आडवी लावली. साडेदहा.

“ताणून धरा, काकू.”

टेप ताणली तशी सरकून उत्तरेच्या बर्फावर चढली. नऊ!

“विमानं साधारण याच जवळच्या वाटेने जातात,” बाई म्हणाल्या.

“दीड इंचाला दोन तास, तर नऊ इंचांना...” काकूंची बोटं थांबली. “अगं बाई! बाराच की!” त्या खुर्ची ओढून बसल्या. “आणि मी सुई बॅगेत भरून निघाले होते! लेकीपर्यंत धड पोचले तरी असते का हो?”

डोळे पुसून त्या उठल्या. इंजेक्शनं, डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं हातातल्या पिशवीत घ्यायचं ठरवूनच घरी गेल्या.

आठवड्याने दुकानात फोन आला. “विमानात दोन्ही वेळा सुई घेतली, जेवले, झोपलेसुद्धा. आणि काल आजी झाले!” बाईंनी हसत हसत माझ्यावर फडकं फिरवलं. अभिमानाने फुगलो असतो, पण मी आधीच गोल!

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याला खाली काढा, पुसा. आणि घरातलं कुणी पहिल्यांदाच लांब निघालं असेल, तर त्याच्या बोटाला धरून आधी आमच्यावरून एकदा नेऊन आणा.